नामांतराचे साल १९७८ आणि आपल्या वस्तीतली घरे

(नामविस्तार दिनी विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, बोललो तसाच, थोडीफार दुरुस्ती करून देत आहोत.)



आज १४ जानेवारी. बाहेर पोरे पतंग उडवीत आहेत, घरोघरी तीळगूळ चालू आहे, आणि तुम्ही मंडळी इथे येऊन बसलात याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही काही प्राध्यापक नाही. शिक्षण नववी नापास, वय सत्तावन्न, मिलमध्ये वाइंडिंग खात्यात तीन पाळ्यांत आयुष्य गेले. जे वाचले ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि युनियनच्या कपाटातली पुस्तके घरी आणून वाचले. त्यामुळे भाषेत चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

समितीने विषय दिला होता 'नामांतर लढ्याचा इतिहास'. सोळा वर्षांचा इतिहास अर्ध्या तासात सांगायचा म्हणजे नुसती तारखांची माळ होते. अशी माळ आम्ही याच व्यासपीठावरून दहा-बारा वेळा ओढली आहे. 'सोळा वर्षे संघर्ष केला, शहीद झाले, विजय मिळवला' असे म्हणायचे, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचे. पण ज्यांनी ते सोसले ती माणसे आमच्याच घरात, मागच्या खोलीत बसलेली असायची आणि आम्ही त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते. ही आमची चूक आधी कबूल करतो. म्हणून आज एकच साल घेतो. १९७८.

आधी ती जागा डोळ्यांसमोर आणा. औरंगाबाद शहर, आता ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. शहराच्या कडेला डोंगर, डोंगरात बुद्धलेणी आणि डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ. विद्यापीठाला लागून खाली नागसेनवन. जे लोक अजून गेले नाहीत त्यांना वाटते की विद्यापीठ वेगळे आणि बाबासाहेबांचे मिलिंद कॉलेज कुठेतरी वेगळे. तसे नाही. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, आणि त्यात मिलिंद हे वयाने थोरले आहे.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि निजामाचे राज्य गेले. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची जी दशा होती ती विचारू नका. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठा. आपल्या समाजाचे तर सोडाच, चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या मुलालाही ते परवडत नव्हते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले होते. दुसरे कॉलेज त्यांनी मुद्दाम औरंगाबादेत काढले. १९५० च्या जूनमध्ये वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. राजा मिलिंद प्रश्न विचारणारा आणि भिक्षू नागसेन उत्तर देणारे, म्हणून कॉलेजला मिलिंदाचे नाव आणि परिसराला नागसेनाचे. आमच्या मते यात बाबासाहेबांनी एक बारीक गोष्ट केली आहे. विद्यार्थ्याचे नाव कॉलेजला दिले, गुरूचे नाव झाडांना दिले. असो.

या कॉलेजात सगळ्या जातींची मुले शिकली. पुढे ८ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. तोवर बाबासाहेब आपल्यातून गेले होते. म्हणजे ज्या माणसाने या भूमीत पदवीच्या शिक्षणाचे पहिले बी पेरले त्याचे नाव विद्यापीठाला द्या, ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती. ती त्या जागेच्या इतिहासातूनच आली होती. कुणी म्हणतात, 'बाबासाहेबांचा आणि मराठवाड्याचा काय संबंध?' त्यांना नागसेनवनात नेऊन उभे करावे.

आता १९७८. १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्याआधीच, १९७७ पासून, विद्यार्थी संघटना, दलित पँथर आणि इतर पुरोगामी मंडळींनी नामांतराची मागणी लावून धरलेली होती. नवे सरकार येऊन दहा दिवस होत नाहीत तोच, २७ जुलै १९७८ रोजी, विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती आम्हालाही फार उशिरा समजली. ठराव वेगळा आणि कायदा वेगळा. युनियनमध्ये आपण जनरल बॉडीत ठराव करतो, पण मॅनेजमेंटशी करार झाल्याशिवाय पगारात पैसा पडतो का? तसेच ते. विद्यापीठाचे नाव कायद्यात लिहिलेले असते. त्या विद्यापीठाचा कायदा १९७४ सालचा होता. तो बदलल्याशिवाय पाटीवरचे एक अक्षर हलत नाही. २७ जुलैला ठराव झाला आणि कायदा करायच्या आत मराठवाडा पेटला. मग सरकारने हात आखडता घेतला. ठराव तिथेच राहिला, आणि त्या ठरावाची किंमत मात्र लोकांकडून दुसऱ्या दिवसापासून वसूल व्हायला लागली.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते तेही सांगितले पाहिजे. ते म्हणत, मराठवाडा हे नाव आमच्या अस्मितेचे आहे, निजामाशी लढून आम्ही ते मिळवले आहे. गोविंदभाई श्रॉफ, 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव ही हैदराबाद मुक्तिसंग्रामातली त्यागी माणसे. त्यांनी नामांतराला विरोध केला. त्यांचा त्याग खोटा म्हणायला आम्ही तयार नाही. पण म्हणूनच जास्त लागले. रझाकारांपुढे न वाकलेली माणसे, आणि बाबासाहेबांच्या नावापुढे अडून बसली. उलट बाजूला एस. एम. जोशी, बापूसाहेब काळदाते अशी माणसे नामांतराच्या बाजूने उभी राहिली, तीही आपल्या समाजाची नव्हती. हे दोन्ही लक्षात ठेवा. आपली पोरे हल्ली सगळ्यांना एकाच काठीने हाकतात.

पण वर्तमानपत्रात लेख लिहिणारे वेगळे आणि रात्री टेंभे घेऊन येणारे वेगळे. दंगल विद्यापीठाच्या आवारात झाली असती तर समजण्यासारखे होते. विद्यार्थ्यांनी संप केले, मोर्चे काढले, एस.टी. गाड्या जाळल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या. पण सगळ्यात जास्त जाळपोळ झाली ती नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांत. विद्यापीठाच्या गेटापासून अडीचशे किलोमीटरच्या वर! तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाच : औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद. जालना, लातूर, हिंगोली हे पुढचे. या पाच जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णी गावी, पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. त्याच जिल्ह्यात जनार्दन मवाडे मारले गेले. यांच्यापैकी कुणी विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते. पाटीवर काय लिहिले आहे याने त्यांच्या रोजच्या भाकरीत काही फरक पडणार नव्हता.

मग खेड्यात का जाळले? हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे पुस्तकांत शोधला. उत्तर मिळाले ते घरात, आमच्या चुलतीकडून.

आमचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यातले. नाव घेत नाही, तिथे अजून भाऊबंद राहतात. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते ७२ च्या दुष्काळात इकडे आले. आधी बिगारी, मग मिलमध्ये बदली कामगार. धाकटे चुलते, तात्या, गावीच राहिले. ७८ साली आम्ही दहा वर्षांचे. वालधुनीच्या कडेला पत्र्याचे घर. रेडिओवर मराठवाड्याच्या बातम्या लागायच्या आणि दादा पाळीवरून आल्यावर जेवत नसत, एवढे आठवते. पत्र नाही, तार नाही. ऑगस्टच्या मध्यावर एक दिवस पहाटे दारात तात्या, चुलती, चार लेकरे. नांदेडकडून यायची गाडी तेव्हा लहान रुळांची, मनमाडला बदलावी लागे. मनमाडच्या फलाटावर त्यांनी दोन रात्री काढल्या होत्या. सामान म्हणजे एक जर्मनची परात आणि एक गोधडी. परात कशाला आणली असे आईने विचारले तर चुलती म्हणाली, हातात तीच होती.

चुलती पुढे कितीतरी वर्षे त्या रात्रीबद्दल बोलली नाही. आम्ही विचारलेच नाही म्हणा. कोरोनाच्या आधीची गोष्ट, वस्तीत लाईट गेली होती, ओट्यावर बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलली. म्हणाली, आधी मागची कडब्याची गंजी पेटवली. मग कुडाची घरे. बाया लेकरांना घेऊन ज्वारीच्या शेतात शिरल्या. ज्वारी कमरेइतकीच होती, उभे राहिले की दिसायचे, म्हणून रात्रभर चिखलात आडव्या पडून राहिल्या. तान्ह्याच्या तोंडावर हात ठेवून. पाऊस होता. सकाळी एका मराठा शेतकऱ्याने स्वतःची बैलगाडी जुंपून, वर ताडपत्री टाकून, त्यांना सडकेपर्यंत आणून सोडले. त्या माणसाचेही नाव चुलती घ्यायची, हात जोडून घ्यायची. जाळणारे गावचे होते तसा हाही गावचाच होता.

आणि मग आम्ही विचारले, विद्यापीठासाठी गावात कशाला जाळले गं? ती म्हणाली, "इद्यापीठ कुनाला ठावं होतं? तुज्या तात्यानं मेलेलं ढोर वढनं सोडलं, गायरानात दोन एकर वाहिलं, पोराला सातवी केलं. ते डोळ्यात होतं. नाव निमित्ताला झालं."

जाडजूड पुस्तकांत जे दहा पानांत लिहिले आहे ते तिने तीन वाक्यांत सांगितले. येसकरकी सोडली, बलुते नाकारले, रोजगार हमीवर कामे मिळू लागली तशी कमी मजुरीवर राबायला माणूस मिळेना, दोन-चार पोरे शिकून नोकरीला लागली. वर्षानुवर्षे साठलेला राग होता. ठराव झाला आणि त्याला वाट मिळाली.

पोराला सातवी केले, हे जे ती म्हणाली, त्या पोराची गोष्ट सांगतो. आमचा चुलतभाऊ तेव्हा तेरा वर्षांचा. मे महिन्यात सातवी पास झाला. गावात शाळा सातवीपर्यंतच, आठवीसाठी मोठ्या गावी हायस्कुलात जायचे होते. त्यासाठी शाळेतून दाखला काढून आणलेला. तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वळचणीला खोचून ठेवला होता, भिजू नये म्हणून. घर जळाले तेव्हा पहिली वळचण पेटली.

इकडे आल्यावर दादा त्याला घेऊन एका शाळेत गेले. शाळेचे नाव घेत नाही. कारकून म्हणाला, दाखला आणा. दादांनी सांगितले, जळाला. कारकून म्हणाला, मग गावच्या शाळेतून दुसरा आणा. त्या गावात पाऊल ठेवायची सोय नव्हती. पत्र टाकले, उत्तर नाही. दुसरे टाकले. दिवाळी गेली, वर्ष गेले. पोरगा घरी बसून कंटाळला, मग कॅम्पात एका कपड्याच्या कारखान्यात धागे तोडायला लागला. पुढे जीन्सचा धंदा वाढला तसा मशीनवर बसला. पस्तीस वर्षे त्याने जीन्स शिवल्या. तो आज इथे आला आहे, मागच्या खांबाला टेकून बसला आहे, त्याला आम्ही हे बोलणार म्हणून सांगितलेले नव्हते. रागावू नकोस बाबा.

विद्यापीठाच्या नावाचा विषय निघाला की आम्हाला तो सातवीचा दाखला आठवतो.

पुढची वर्षे भराभर सांगतो, ती तुम्हाला माहीत आहेत. ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँगमार्च निघाला. माणसे पायी औरंगाबादकडे चालली. वाटेत अडवले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. मुंबईत, ठाण्यात, कल्याणात मोर्चे निघत, दादा आम्हाला खांद्यावर नाही पण हाताला धरून नेत. मुख्यमंत्री आले, गेले. प्रत्येकाने 'योग्य वेळी' हा शब्द वापरला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. आणि १४ जानेवारी १९९४ ला सरकारने जाहीर केले : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच. ठरावापासून मोजले तर १५ वर्षे, ५ महिने आणि १८ दिवस.

त्या दिवशी वस्तीत काय झाले ते तरुणांना सांगितले पाहिजे, कारण त्यातही आमची एक फजिती आहे.

आम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे, अंगात रग. बातमी आली, गुलाल उधळला, आणि तासाभरात भांडण सुरू. मागितले नामांतर आणि दिला नामविस्तार! 'मराठवाडा' शब्द ठेवला म्हणजे तडजोड झाली, विरोधकांपुढे सरकार नमले, असे आम्हा पोरांचे म्हणणे. म्हातारे म्हणत होते, मिळाले ते घ्या. शेवटी आम्ही रागाच्या भरात पेंटरकडून कापडी फलक रंगवून घेतला : 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठाचा विजय असो'. मराठवाडा गाळून. फलक चौकात बांधला.

संध्याकाळी तात्या पाळीवरून आले. तोवर तेही मिलमध्ये हमालीला लागले होते. त्यांना अक्षर येत नव्हते. म्हणाले, वाच. आम्ही वाचले. ते म्हणाले, "मराठवाडा कुठं हाय त्यात?" आम्ही ऐटीत सांगितले, तात्या, आम्ही तो खोडला. ज्यांनी घर जाळले त्यांचे नाव कशाला ठेवायचे?

तात्या आमच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कामून? मराठवाडा काय त्यायच्या एकल्याचा हाय? मी कुठला हाव मंग? माझं घर तिथं, मायबापाची माती तिथं. त्यायनं गावातून काढलं, आता तुमी नावातून काढता का?"

आम्ही गप्प. चौकात पंचवीस-तीस पोरे होती, सगळी गप्प. रंग ओला होता, पेंटर घरी गेला होता. फलक रातोरात उतरवला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण नाव लिहून पुन्हा बांधला. एकशे दहा रुपये जादा लागले, ते आम्ही चौघांनी भरले.

नामांतर की नामविस्तार, या प्रश्नावर विद्वान मंडळी अजून वाद घालतात, घालोत. आमच्यापुरता तो वाद त्या संध्याकाळी मिटला. ज्याला हाकलले त्यानेच त्या शब्दावर हक्क सांगितला, तर आम्ही खोडणारे कोण?

दुसऱ्या वर्षी, १४ जानेवारी १९९५ ला, तात्यांना घेऊन गेटावर गेलो. तोवर औरंगाबादपर्यंत मोठे रूळ झाले होते. मनमाडला गाडी बदलायची गरज राहिली नव्हती, तरी मनमाड आले तेव्हा तात्या उठून दाराशी जाऊन उभे राहिले. गेटावर ही गर्दी. माणसे गेटाच्या दगडाला डोके टेकत होती, पुस्तकांचे, कॅलेंडरांचे स्टॉल, गायनपार्ट्या. तात्यांनी नाव वाचायला सांगितले, आम्ही वाचले. त्यांनी बोटे मोजली. पाच शब्द आहेत म्हणाले. मग चहा प्यायला. दिवसभर काही विशेष बोलले नाहीत. फक्त लेणी बघायला डोंगर चढून गेले, आणि आम्ही धापा टाकत मागे.

एक गोष्ट राहिली. १९९४ च्याच १७ सप्टेंबरला, नामविस्ताराला पुरते नऊ महिने झालेले नव्हते, नांदेडला नवे विद्यापीठ झाले : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडे गेले. म्हणजे ज्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त घरे जळाली, त्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पदवीवर आता बाबासाहेबांचे नाव येत नाही. काही कार्यकर्ते याला कट म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. नांदेडच्या गरीब पोराला औरंगाबाद लांबच होते, जवळ विद्यापीठ झाले ते बरे झाले. स्वामीजी हैदराबादच्या लढ्याचे नेते होते, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एक बघा. दोन्ही विद्यापीठांच्या नावात 'मराठवाडा' आहे. एकाच्या पुढे बाबासाहेब, दुसऱ्याच्या पुढे स्वामीजी. ज्या शब्दावरून एवढे रामायण झाले तो शब्द दोन्हीकडे बसला आहे आणि कुणाचे काही अडलेले नाही.

आता मुख्य कामाचे बोलतो. भोजनदान थांबले आहे, महिला मंडळ घड्याळ बघत आहे, ते आम्हाला दिसते.

तात्या २००३ साली गेले. चुलती गेली. दादा गेले. पोचीराम कांबळे यांचे नाव पुस्तकांत आहे, राहील. पण ज्वारीत रात्र काढून मनमाडला उतरलेल्या माणसांची नावे कुठेच नाहीत. ती पुस्तक लिहिणाऱ्यांना माहीत नाहीत आणि आपल्याला माहीत असून आपण लिहीत नाही. मागच्या महिन्यात आम्ही आमच्या एका गल्लीत सहज विचारत गेलो. ७८-७९ साली मराठवाड्यातून आलेली नऊ घरे निघाली. एका गल्लीत नऊ! शेजारी चाळीस वर्षे राहतो, लग्नात जेवतो, मयतीला खांदा देतो, आणि त्यांची सून सांगते, 'सासूबाई परभणीच्या, पण का आल्या ते नाही माहीत.' एक आजी बदलापूरला मुलीकडे असतात, ऐंशीच्या पुढे, त्यांना नीट आठवते. अंबरनाथला दोघे आहेत. अजून असतील. फार दिवस नसतील.

समितीपुढे दोन मागण्या आहेत. विहाराला कमान बांधायची आहे, वर्गणी चालू आहे. बांधा, आम्हीही दिली आहे. नावाचे महत्त्व काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण त्या वर्गणीतून आधी अभ्यासिकेची दोन कामे करा. ट्यूबलाईट गेले चार महिने बंद आहेत आणि मुली सातनंतर बसत नाहीत. दुसरे, कार्यकर्त्यांनी शाळेच्या दाखल्याचे काम हातात घ्या. आजही वस्तीत नवी कुटुंबे येतात, वीटभट्टीवरून, ऊसतोडीवरून, आणि कागद नाही म्हणून पोर घरी बसवतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. आठवीपर्यंत, चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे आईबापांना माहीत नसते. ७८ साली हा कायदा नव्हता. आता आहे, तर कुणीतरी त्या बाईबरोबर शाळेत जाऊन उभे राहिले पाहिजे. आम्ही पुढच्या वर्षी मिलमधून निवृत्त होतो, आमचा वेळ धरा.

आणि वहीचे. आम्ही एक दोनशे पानांची वही आणली आहे. ती विहारात, ग्रंथांच्या कपाटात राहील, किल्ली सचिवांकडे. दर रविवारी सकाळी वंदना झाली की अकरावी-बारावीच्या दोन मुली लिहायला बसतील, त्यांनी कबूल केले आहे. ज्यांच्या घरी ७८ साली आलेले माणूस आहे त्यांनी त्याला घेऊन या, चालता येत नसेल तर निरोप द्या, मुली घरी येतील. गाव, जिल्हा, कोणत्या रात्री निघाले, कोण बरोबर होते, काय राहून गेले, कुणी मदत केली, एवढेच लिहायचे. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. कुणाला गावचे नाव द्यायचे नसेल तर देऊ नये, आम्हीही दिलेले नाही.

पहिले पान आम्ही काल रात्री लिहिले. त्यात परात लिहिली आहे आणि बैलगाडीवाल्याचे नाव लिहिले आहे. दाखल्याचे पान कोरे सोडले आहे, ते चुलतभावाने स्वतः सांगायचे.

थांबतो. जयभीम.